जुळवून घ्या म्हणे

‘जुळवून घे’ हे दोन शब्द लग्नाच्या आदल्या रात्री आत्याने माझ्या कानात सांगितले होते. सासरच्यांना कुणी असं काही सांगितल्याचं ऐकिवात नाही. तेव्हापासून हे शब्द कानावर पडले की मी आधी बघते, कोण कोणाला सांगतंय.

कॅनडाच्या राजधानीत, ऑटावात येऊन मला नऊ वर्षं झाली. इथल्या सरकारी अहवालांत, परिषदांत उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या मूळनिवासी इनुइट लोकांबद्दल हेच शब्द जरा इस्त्री करून वापरतात. हवामान बदलतंय, समुद्रावरचा बर्फ पातळ होतोय, पण हे लोक बघा कसे जुळवून घेतात! आपली मंडळीही तेच फोटो पुढे ढकलतात. कुत्र्यांची गाडी, फरच्या टोपीतलं गोबरं बाळ, खाली ‘सलाम यांच्या जिद्दीला’. करा सलाम. पण ही जिद्द त्यांना दाखवावी कशामुळे लागते, तेही थोडं वाचा. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

कामानिमित्त मी दोनदा इकालुइतला जाऊन आले. ही नुनावुतची राजधानी, ऑटावाहून विमानाने तीनेक तास. नुनावुत म्हणजे ‘आपली भूमी’. १९९९ साली हा वेगळा प्रदेश झाला. भारताच्या निम्म्याहून मोठा मुलूख आणि २०२१च्या जनगणनेत माणसं जेमतेम ३७ हजार. पंचवीस गावं, आणि एकाही गावाला दुसऱ्या गावाशी जोडणारा रस्ता नाही. बाहेरून यायचं तर विमान, नाहीतर उन्हाळ्यात बर्फ फुटल्यावर येणारं जहाज, एवढंच. प्रत्येक गावाचं स्वतंत्र डिझेलचं वीजकेंद्र. ते चालवणाऱ्या वीज कंपनीचं नाव आहे ‘कुल्लिक’. कुल्लिक म्हणजे सीलच्या चरबीवर जळणारा दगडी दिवा, इनुइट घराची चूल आणि समई दोन्ही. नाव दिव्याचं आणि जाळायचं बाहेरून आणलेलं डिझेल! बहुतेक घरांना पाणी टँकरने येतं. मी माण तालुक्यातली. उणे तीस अंशांत टँकरची वाट बघणारी माणसं पाहिली तेव्हा परकं असं काही वाटलंच नाही.

आता मुद्द्याचं. या लोकांची जुळवून घेण्याची मूळ रीत एकच होती, हलणं. सील जिकडे, तिकडे घर; कॅरिबू हरणं जिकडे, तिकडे तंबू. वारा, बर्फ, जनावर बदललं की माणूस बदललेल्या जागी जायचा. १९५० ते ७०च्या काळात सरकारने त्यांना गावांत आणून बसवलं. मुलांना शाळेत घाला, नाहीतर भत्ता बंद, हा धाक. पोलिसांनी गावोगाव गाडीची कुत्री गोळ्या घालून मारली. त्याबद्दल सरकारने २०१९ साली बॅफिन भागातल्या, म्हणजे इकालुइत ज्या बेटावर आहे तिकडच्या, लोकांची माफी मागितली.

आणि काहींना तर उचलून भलतीकडेच नेलं. १९५३ आणि १९५५ साली क्यूबेक प्रांताच्या उत्तरेतल्या इनुक्जुआक गावची कुटुंबं सुमारे दोन हजार किलोमीटर आणखी उत्तरेला नेऊन सोडली. तिथे भरपूर शिकार आहे, आवडलं नाही तर दोन वर्षांत परत आणू, असं सांगून. दोन वर्षांनी कुणी परत आणलं नाही. ती दोन गावं आजही आहेत. एकाचं नाव काउसुइत्तुक, जिथे पहाट होत नाही ती जागा. दुसरं आउयुइत्तुक, जिथे कधी वितळत नाही ती जागा. इंग्रजी नकाशावर ही रेझोल्यूट आणि ग्रीझ फियोर्ड म्हणून सापडतील. माफी आली २०१० साली. तोवर पहिली पिढी बरीचशी मातीआड झाली होती.

म्हणजे आधी पाय बांधले. आता त्याच माणसांच्या पायाखालचा बर्फ पातळ होतोय आणि आपण टाळ्या वाजवतोय, वा, कसा तोल सांभाळतात!

आर्क्टिक बाकीच्या जगाच्या जवळजवळ चौपट वेगाने तापतोय, हे आता पेपरातही येतं. आकड्यापेक्षा मला त्यांचा एक शब्द जास्त कळला. ‘उग्गियानाक्तुक’. ओळखीचं माणूस अचानक विचित्र वागायला लागलं तर जे म्हणतात, ते. बॅफिन बेटावरच्या क्लाइड रिव्हर गावातले जुने जाणते शिकारी आता हवामानाला हा शब्द लावतात. त्यांच्यासाठी समुद्रावरचा बर्फ म्हणजे रस्ता. बर्फ धरला की गावं जोडली जातात, सील मिळतो, मासे मिळतात. तो उशिरा धरायला लागला आणि लवकर फुटायला लागला की वर्षातले काही आठवडे रस्ताच गायब. आणि जो उरतो तो वरून पांढराशुभ्र, खालून प्रवाहाने खाल्लेला.

जुन्या गाडीच्या कुत्र्याला पातळ बर्फ आधी कळायचा, तो अडायचा. स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावरची मोटरगाडी, अडत नाही. शिवाय कुत्रा सील खाऊन चालायचा, म्हणजे शिकारीतूनच शिकारीचा खर्च निघायचा. स्नोमोबाइल पेट्रोल पिते. बर्फ खराब म्हणजे लांबचा वळसा, वळसा म्हणजे जास्त पेट्रोल, आणि पेट्रोलला रोकड. मग रोकड आणायची कुठून?

पूर्वी ती सीलच्या कातड्यातून यायची. मांस घरात, कातडं बाजारात. १९८३ साली युरोपने सीलच्या पिल्लांच्या पांढऱ्या कातड्यावर बंदी घातली. इनुइट या बाजारासाठी ही पिल्लं मारतच नव्हते, ते मोठे सील मारतात, खाण्यासाठी. पण बाजार कोसळला तो सगळाच कोसळला. २००९च्या बंदीत इनुइटांना सूट दिली. कागदावर. गिऱ्हाईक एकदा पळालं की त्या सवलतीचं लोणचं घालायचं का?

इथे माझं सांगते. मी जन्माची शाकाहारी. कॉलेजात असताना सील बचावच्या पत्रकावर मीही सही केली होती, पांढऱ्या पिल्लाचे काळे डोळे बघून. इकालुइतला ज्या बाईंबरोबर मी काम केलं, त्यांच्या स्वयंपाकघरात जमिनीवर पुठ्ठा अंथरून त्यावर सील ठेवला होता. शेजारीपाजारी येऊन बसले, प्रत्येकाच्या हातात ‘उलू’, चंद्रकोरीसारख्या पात्याचं बायकांचं हत्यार. कच्चं मांस कापून खाणं, हसणं, पोरांना भरवणं. ज्याच्या घरी शिकार आली त्याने वाटायची, पैसे घ्यायचे नाहीत. मी बॅनॉक, म्हणजे मैद्याची जाड भाकरी, आणि चहा घेऊन कोपऱ्यात बसले. मांस मी खाल्लं नाही, खाणारही नाही. पण त्या सहीची लाज वाटली. जिथे गवताची काडी उगवायची मारामार, तिथल्या माणसाला ‘भाजी खा’ म्हणणं हे शहाणपण कुठल्या ताटावर बसून सुचतं?

कॅरिबूचीही तीच गत. बॅफिन बेटावरचे कळप इतके घटले की २०१५च्या सुरुवातीला शिकारच पूर्ण बंद करावी लागली. नंतर थोड्या नरांपुरती परवानगी मिळाली. लोकांनी नियम पाळला, पण तेवढं मांस ताटातून गेलं, आणि त्या जागी आलं दुकानातलं.

दुकानातलं म्हणजे काय, हे जगाला २०१२ साली कळलं, तेही फेसबुकमुळेच. लीसी पापात्सी नावाच्या इकालुइतच्या बाईंनी एक ग्रुप काढला आणि लोक दुकानातल्या किमतींचे फोटो टाकू लागले. कोबीचा एक गड्डा २८ डॉलर! जून महिन्यात गावोगाव लोक फलक घेऊन दुकानांसमोर उभे राहिले. रस्त्यावर उतरून ओरडणं ही या लोकांची रीत नव्हे, तरी उभे राहिले. पुढे सरकारी पाहणीत दिसलं की २०१७-१८ साली नुनावुतमधल्या ५७ टक्के घरांत पोटभर अन्नाची शाश्वती नव्हती. सबंध कॅनडात हे प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास. हा जगातल्या श्रीमंत देशांपैकी एक, बरं का.

यावर अनुदान आहे. पण ते मिळतं दुकानदाराला, किलोच्या हिशेबाने, आणि त्याने किंमत उतरवायची अशी अपेक्षा. अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा अनुदानाच्या दर डॉलरमागे सुमारे ६७ सेंटच गिऱ्हाइकापर्यंत पोचत असल्याचं निघालं. गावात एकच दुकान असेल तर त्याहून कमी. रेशन दुकानाचा काटा पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

शहाणी कुटुंबं काय करतात? उन्हाळ्यातल्या जहाजाने वर्षाची बेगमी मागवतात. आपली आई एप्रिल-मेमध्ये गहू, तांदूळ, डाळ, तिखट भरायची तसंच. पीठ, तांदूळ, डायपर, साबण, लाकडी खोक्यांत भरून बंदरावर. विमानाच्या मालापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. अडचण अशी की बेगमीला एकरकमी पैसा लागतो आणि ठेवायला जागा लागते. दोन खोल्यांत आठ माणसं राहत असतील तर खोकी ठेवणार कुठे? मग ज्याच्याकडे पैसा आहे त्याला स्वस्त, ज्याच्याकडे नाही त्याला तोच तांदूळ महाग. हीही ओळखीचीच गोष्ट.

पाण्याचंही सांगून टाकते. ऑक्टोबर २०२१मध्ये इकालुइतच्या नळाला रॉकेलसारखा वास यायला लागला. पाण्यात इंधन सापडलं, आणीबाणी जाहीर झाली, आणि राजधानीच्या शहरात डिसेंबरपर्यंत नळाचं पाणी पिऊ नका असा आदेश राहिला. लोक नदीवर जाऊन डबे भरत होते.

आता कुणी म्हणेल, नुसतं रडगाणंच का, चांगलं काही घडतं की नाही? घडतं, आणि मला त्याचाच जास्त भरवसा वाटतो. क्लाइड रिव्हर हे हजारभर वस्तीचं गाव. त्यांच्या समुद्रात तेल शोधण्यासाठी पाण्यात मोठे आवाजी स्फोट करायची परवानगी २०१४ साली दिली गेली. गावाने प्रश्न विचारले तर कंपनीने जवळजवळ चार हजार पानांचा दस्तऐवज पाठवला, इंग्रजीत. गावाचं इंटरनेट इतकं मंद की तो उतरवून घेणंही मुश्कील. इनुक्तितुतमध्ये, म्हणजे त्यांच्या भाषेत, भाषांतर अगदी थोड्या पानांचं. हे गाव सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २६ जुलै २०१७ रोजी एकमताने जिंकलं. गावाशी नीट सल्लामसलत झालीच नाही, असं न्यायालयाने म्हटलं. हेही जुळवून घेणंच आहे की, फक्त या वेळी कंपनीने जुळवून घेतलं.

पाँड इनलेट गावात ‘स्मार्टआइस’ या संस्थेचं काम चालतं. घसरगाडीला एक यंत्र जोडून बर्फावरून ओढत न्यायचं, ते जाता जाता जाडी मोजतं. गावातलीच तरुण मुलं शिकतात, पगार घेतात, नकाशे बनवतात, आणि कुठे मोजायचं ते गावातले जाणते ठरवतात. या जाणत्यांच्या समितीचं नाव सिकुमिउत, समुद्रबर्फावरची माणसं. यंत्र आलं म्हणून बर्फाचे जुने शब्द गेले नाहीत, उलट ते लिहून काढले गेले. आर्क्टिक बे या गावात शिकाऱ्यांना चक्क नोकरी दिली आहे. समुद्रावर लक्ष ठेवायचं, शिकार करायची, मांस गावात वाटायचं, महिन्याला पगार. मला विचाराल तर याच्याइतकं साधं आणि नेमकं धोरण दुसरं नाही. दुकानदाराला कोबीसाठी पैसे देण्यापेक्षा शिकाऱ्याला पेट्रोलसाठी द्या. २०२०पासून केंद्र सरकारही शिकारीसाठी थोडं अनुदान द्यायला लागलंय. थोडंच.

मागच्या खेपेला परत निघताना त्या बाईंनी माझ्या हातात एक खोकं दिलं. ‘आर्क्टिक चार’ नावाचा गोठवलेला मासा आणि थोडा सील. त्यांची मावशी ऑटावात उपचारासाठी येऊन राहिली होती, तिला पोचवायचं. बॅफिन भागातून आजारी माणसं इथेच येतात, आणि त्यांच्या मागोमाग असा डबा येतो. मी शाकाहारी बाई, मांडीवर सील घेऊन बसल्यासारखी तीन तास त्या खोक्याची काळजी करत आले.

मावशींनी खोकं उघडायच्या आधी मला बसवलं आणि भाचीमार्फत फोनवरून विचारलं, “बर्फाची कड कुठवर आलीये?”

मी म्हटलं, विमानातून बघितलं, सगळं पांढरंच होतं.

भाचीने ते सांगितल्यावर मावशी इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतली नर्स बघायला आली. मग त्यांनी खोक्याची पट्टी नखाने सोडवायला घेतली.