प्रवासात धरून कसं ठेवावं

प्रवासाला निघणाऱ्या बायकांसाठी या काही सूचना. पुरुषांनी नाही वाचल्या तरी चालेल. त्यांच्यासाठी महाराष्ट्रात गावोगाव भिंती बांधलेल्या आहेत आणि 'येथे लघवी करू नये' असं लिहून जागाही नेमकी दाखवलेली आहे.

सुरुवात पाण्यापासून. ते पिऊ नये. आदल्या संध्याकाळपासूनच हात आखडता घ्यावा. सकाळी फार तर अर्धा कप चहा, तोही डोकं दुखू नये म्हणून. 'भरपूर पाणी प्या' असं सांगणाऱ्या डॉक्टरीणबाईंना एसटीने लातूरला जायचं नसतं. रात्री उन्हाळी लागेल, जळजळ होईल, होऊ द्या. धने-जिऱ्याचं पाणी घरी पोचल्यावर पिता येतं.

परदेशी निघाला असाल तर सुट्टी नाणी विसरू नका. जर्मनीत महामार्गावरच्या थांब्यांवर स्वच्छतागृहाला मेट्रो स्टेशनसारखं फाटक असतं. पूर्वी ७० सेंट पडायचे, २०२२ पासून एक युरो टाकावा लागतो. त्या बदल्यात तेवढ्याच किमतीचं कूपन मिळतं, ते शेजारच्या दुकानात चालतं. मग आपण त्या कूपनात थोडी भर घालून पाण्याची बाटली घ्यायची, ती प्यायची आणि पुढच्या थांब्यावर पुन्हा युरो टाकायचा. याला म्हणतात धंदा. अर्थात आत गेलात की तक्रार करायला जागा राहत नाही, ही त्या लोकांची वाईट खोड आहे. फरशी कोरडी, कागद आहे, दाराला आतून कडी आहे, पर्स टांगायला हुकसुद्धा. पॅरिसमध्ये तर रस्त्याकडेच्या स्वयंचलित खोल्या २००६ पासून फुकट आहेत आणि दर माणसामागे आतून आपोआप धुतल्या जातात. धुणं चालू असताना बाहेर ताटकळावं लागतं, म्हणून लोक वैतागतात. आपल्याला असला वैताग नाही.

चीनमध्ये चेहरा जपावा. बीजिंगच्या टेम्पल ऑफ हेवन या जुन्या देवळाच्या बागेतल्या स्वच्छतागृहात २०१७ मध्ये कागदचोरी रोखायला चेहरा ओळखणारी यंत्रं बसवली. समोर उभं राहायचं, यंत्र ६० सेंटिमीटर कागद देतं. आणखी हवा असेल तर तोच चेहरा घेऊन नऊ मिनिटांनी यायचं. पोट बिघडलं असेल तर बिघडायच्या आधी यावं.

जपानला जाणाऱ्यांनी गरम सीटचा आणि शेजारच्या बटणांचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकावा. ते सक्तीचं आहे. तिथे बायकांना आपला आवाज बाहेर गेलेला आवडत नाही. तो लपवायला त्या पुन्हा पुन्हा पाणी सोडायच्या, म्हणून १९८८ मध्ये पाण्याचा खोटा आवाज काढणारं यंत्रच बाजारात आलं. आपल्याकडे ही सोय दाराबाहेरून होते: 'अगं झालं का? किती वेळ?' तोक्योच्या शिबुया भागात २०२० मध्ये वास्तुविशारद शिगेरू बान यांनी पारदर्शक काचेची स्वच्छतागृहं उभारली. बाहेरूनच दिसतं की आत स्वच्छ आहे आणि कुणी दडून बसलेलं नाही. आत जाऊन कडी लावली की काच धूसर होते. हे तंत्रज्ञान आपल्याकडे जरूर आणावं. फक्त आधी कडी आणावी लागेल.

पर्स दातात धरावी.

ॲमस्टरडॅममध्ये रात्री फिरायला गेलात तर कायदा वाचून जा. २०१५ मध्ये एका तरुणीला जवळपास बायकांसाठी काहीच सापडलं नाही, म्हणून ती आडोशाला बसली आणि पोलिसांनी दंड केला. २०१७ मध्ये प्रकरण न्यायाधीशांपुढे गेलं. त्यांचं म्हणणं पडलं की पुरुषांची मुतारी होती ना, ती वापरायची. सुखाचं नसेल, पण जमतं. त्यावर तिथल्या बायकांनी त्या उघड्या मुताऱ्यांत जाऊन, नाना कसरती करत 'जमवून दाखवतानाचे' फोटो काढले. इतकी सायकली-कालव्यांची प्रगत नगरी, तरी विचार मात्र अगदी आपल्या नगरपालिकेसारखा. वाचून मला माहेरी आल्यासारखं वाटलं.

मुंबईत तर हा विचार कधीपासूनच अमलात आहे. उभ्याने करणाऱ्याला फुकट, बसून करणारीला पैसे. २०११ मध्ये 'राइट टू पी', म्हणजे लघवीचा हक्क, म्हणून बायकांची चळवळ सुरू झाली ती यावरूनच. बायकांकडूनच पैसे का, असं मी टेबलामागच्या माणसाला एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, "लेडीज आत जाऊन काय करतात ते आम्हाला थोडंच दिसतं?" तेव्हा बायकांनी आत जाताना एक नंबर की दोन नंबर हे मोठ्याने सांगावं, म्हणजे हिशेब चुकणार नाही.

आता महामार्गावरच्या पंपांबद्दल. पंपावर 'हवा, पाणी, स्वच्छतागृह मोफत' अशी पाटी असते. ती वाचावी, मन प्रसन्न होतं. दाराला कुलूप असतं, तेही बघावं. गेल्या महिन्यात साताऱ्याच्या पुढे एका पंपावर आम्ही टाकी भरून घेतली. बरोबर सासूबाई, वय सत्तरीच्या पुढचं, शुगर आहे. कुलूप. पोराला विचारलं, तर म्हणे चावी मॅनेजरकडे. मॅनेजर कुठे? जेवायला. कधी येणार? "सांगता येत नाही. मागे आडोसा आहे की, ताई." सत्तरीच्या बाईला, जिचे गुडघे वाकत नाहीत, तिला हा पोरगा ट्रकच्या मागचा गाजरगवताचा आडोसा दाखवतो. सासूबाई बिचाऱ्या "राहू दे गं, मला काही घाई नाही" म्हणाल्या. घाई होती. त्यांचा चेहरा मला दिसत होता. एवढ्यात पुढे झेंड्याची दांडी असलेली काळी गाडी येऊन थांबली, आतून एक वहिनीसाहेब उतरल्या आणि चावी त्याच पोराच्या खिशातून निघाली! मॅनेजर जेवत होता ना? मग चावी काय उडत आली? मी त्यांच्या पाठोपाठ सासूबाईंना आत घुसवलं. आत फरशी चकाचक, बादली भरलेली, साबणाची वडी नवीकोरी. म्हणजे कुणाला जाऊच द्यायचं नाही, हाच तुमचा स्वच्छतेचा उपाय? बाहेर येऊन जाब विचारला तर उत्तर काय, "बायका घाण करतात, मॅडम." पेट्रोलचे पैसे मोजून घेताना नाही दिसत घाण? पंपावर ग्राहकाला स्वच्छतागृह देणं ही तेल कंपन्यांचीच अट आहे, मेहरबानी नव्हे. रोज दोन वेळा धुवायला एक माणूस ठेवायचा, त्याला धड पगार द्यायचा, हातमोजे द्यायचे. तेवढं होत नाही म्हणून कुलूप घालता आणि वर पाटी रंगवता मोफतची?

राहिलेल्या सूचना आता जमायच्या नाहीत. सरळच बोलते.

पंपवाल्यांनो, ढाबेवाल्यांनो, स्टँडच्या ठेकेदारांनो, कुलूप काढा. आत कडी बसवा, एक दिवा लावा, झाकणाची कचरापेटी ठेवा. रॉकेट सोडायला सांगत नाही कुणी.

आणि बायांनो, तुम्हीही ऐका. तो पोरगा उद्धट होता, पण सगळंच खोटं बोलला नाही. पॅड कागदात न गुंडाळता खिडकीत कोंबणाऱ्या, कमोडवर चपलेसकट चढून बसणाऱ्या, बादलीत पाणी असून मगभर न ओतता निघून जाणाऱ्या, त्या कुठून येतात? त्याच रांगेतून, तुमच्या-माझ्या मागेपुढे उभ्या असतात. युरोप टूरला तुम्हीच निमूट युरो टाकून, कागदाने सीट पुसून बाहेर येता. मग इथे परत आलात की काय होतं?

शेवटचं स्टिअरिंगवर बसलेल्यांना. मागून बाई म्हणाली 'थांबव', की गाडी थांबवायची. 'पुढे चांगलं मिळेल' म्हणायचं नाही, फोनवर रेटिंग बघत बसायचं नाही, 'निघतानाच जाऊन यायचं ना' हे तर तोंडातून काढायचंच नाही. ती निघताना जाऊन आलेलीच असते. तुम्ही मघाशी टपरीमागे जाऊन आलात, तेव्हा तुम्हाला कुणी काही विचारलं होतं का?