शटर एक वीत उघडं ठेवलं की झालं? नाही झालं

थंडी पडली की तो मेसेज परत फिरायला लागतो. "घरच्या गॅरेजमध्ये गाडीचं काम करताय? गॅस हीटर लावा, शटर खालून एक वीत उघडं ठेवा, कार्बन मोनॉक्साइड जड असतो तो खालून निघून जातो. ज्योत निळी आहे तोवर टेन्शन नाही, काही गडबड झालीच तर वासाने कळतं. शटर जास्त उघडलं तर सगळी गरमी बाहेर." हे मित्र मित्राला पाठवतोय, शत्रूला नाही, म्हणून लिहायला बसलो.

पहिलं ते "जड असतो". मोनॉक्साइड म्हणजे इंधन अर्धवट जळलं की तयार होणारा विषारी वायू, त्याचं रेणूवजन 28, हवेचं सरासरी 29. म्हणजे झालाच तर किंचित हलका, त्यात तो निघतो गरम धुराबरोबर, म्हणजे आधी वर जातो आणि मग सगळीकडे मिसळतो, खालच्या फटीतून रांगत बाहेर बिहेर जात नाही. खाली रांगते ती पेट्रोलची वाफ, हवेच्या तीन-चार पट जड. पेट्रोल उणे 40 अंशाच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, त्यामुळे "एवढ्या थंडीत कुठे पेटतंय" हेही विसरा. तुम्ही फ्युएल लाइन सोडवताय, दोन-चार थेंब सांडलेत, आणि हीटर कुठे आहे? खालीच, पायाशी. गळका एलपीजी पण खालीच साचतो. आणि हो, एका फटीने हवा खेळत नाही, आत यायला खाली आणि बाहेर जायला वर अशा दोन वाटा लागतात, वरची खिडकी किंवा एक्झॉस्ट फॅन नसेल तर ती फट नुसती नावाला.

वासाने कळतं म्हणे! मोनॉक्साइडला वासच नाही. धुराचा जो वास येतो तो बाकीच्या गोष्टींचा, आणि पाच मिनिटांत नाक त्याला पण सरावतं. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट याला धरून बसतं. लक्षणं काय तर डोकं जड, मळमळ, झापड, आणि गाडीखाली दोन तास आडवं पडून नट सोडवणाऱ्याला हे तसंही होतंच, मग शंका कुणाला येणार? त्यात गार इंजिन चालू केलं तर अजून वाईट, कारण सुरुवातीला मिक्स्चर रिच असतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग, अडीचशे-तीनशे अंशाला पोचेपर्यंत फारसं काम करत नाही. इंजिन चालू करायचं तर गाडी बाहेर काढून, शटर पूर्ण उघडं असलं तरी आत नाही.

निळी ज्योत म्हणजे आत्ता नीट जळतंय, एवढंच. बंद जागेत ऑक्सिजन कमी होत गेला की तीच ज्योत बिघडते. काही हीटरमध्ये सेन्सर असतो पण तो हवेतला ऑक्सिजन साधारण 18 टक्क्यांवर आला की गॅस बंद करतो, म्हणजे ऑक्सिजन बघतो, मोनॉक्साइड मोजतच नाही. अजून एक गोष्ट कुणी सांगत नाही, 1 किलो गॅस जळला की दीड किलोच्या वर पाणी तयार होतं, ते वाफ होऊन खोलीतच राहतं. मी हे डोळ्यांनी बघितलंय, पुढच्या चाकाची ब्रेक डिस्क नवीन टाकायची होती, ग्रीस-ऑइल पुसून चकचकीत करून ठेवली, संध्याकाळभर गॅस हीटर चालला, हात लावला तर डिस्क ओली, बोट फिरवलं तर रेघ उमटली. सकाळी त्या रेघेच्या दोन्ही बाजूला नारिंगी गंज.

ब्रेक क्लीनरचं थोडक्यात. क्लोरीनवाला असेल तर ज्योत किंवा लाल तापलेली कॉइल लागून फॉस्जीन तयार होतो, विषारी गॅस, आणि बिनक्लोरीनचा असेल तर तो स्वतःच पेटतो. म्हणजे दोन्हीकडून मार. फवारायच्या आधी हीटर बंद, तोही गार होऊ द्या, शटर वर.

आता "सगळी गरमी बाहेर", यावर तर लोकांचा फारच जीव. हिशोब करू. 6 बाय 6 मीटर, उंची अडीच, म्हणजे 90 घनमीटर हवा. ती 15 अंशांनी तापवायला अर्धा युनिट वीजसुद्धा लागत नाही, 2 किलोवॉटच्या हीटरला तेरा-चौदा मिनिटं. आणि तेवढीच खालची फरशी, 10 सेंटीमीटर काँक्रीट, आठ टनांच्या वर वजन, ती तेवढीच तापवायची तर तीसेक युनिट! म्हणजे खरी गरमी खाते ती फरशी, भिंती आणि गार पडलेली गाडी, हवा नाही. म्हणून अधूनमधून शटर पूर्ण वर करा, पाच मिनिटं हवा बदलू द्या, परत बंद करा, भिंती आहेत तशाच राहतात आणि हवा लगेच तापते. उलट ती वीतभर फट दिवसभर उघडी ठेवलीत तर गार वारा कुठून येणार, बरोब्बर तुम्ही आडवे पडलाय तिथे पाठीखालून.

माझ्याकडे आता उंचावर लावलेला इलेक्ट्रिक इन्फ्रारेड पॅनेल आहे, तो हवेपेक्षा अंगाला तापवतो, आणि खाली जाड फोमची शीट. फरक जास्त शीटने पडला, खरं सांगायचं तर.

"अलार्म लावलाय ना" म्हणणाऱ्यांसाठी, अमेरिकन स्टँडर्डचा घरगुती मोनॉक्साइड अलार्म 70 पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत 70 भाग) एक ते चार तासांनी वाजतो, 400 ला 4 ते 15 मिनिटांनी. लावाच, पण तो वाजला नाही म्हणजे हवा साफ असं नाही. आणि मागचं लेबल वाचा, बरेचसे अलार्म साधारण 4-5 अंशांच्या खाली चालायला बनवलेलेच नसतात.