बंड्याचा सातबारा

मांजराचं पिल्लू घरी आणताना सगळे अय्या किती गोड म्हणतात, पण हाच गोडवा पाच-सहा महिन्यांनी वयात आला की काय करतो ते कोणी सांगत नाही. आमचा बंड्या एक दिवस सोफ्याकडे पाठ करून उभा राहिला, शेपटी ताठ वर, तिचं टोक थरथरतंय, मागचे पाय जागच्या जागी तुडवतोय, आणि सुर्रकन पिचकारी! व्हेट म्हणाले बसून भरपूर केली तर ती शू, उभ्याने थोडीशीच उडवली तर तो मालकी हक्क. म्हणजे घराचं कर्ज आम्ही फेडायचं आणि सातबारा ह्याच्या नावावर.

सोफा झाला, पडदे झाले, ह्यांची ऑफिसची बॅग झाली. ती बॅग तशीच मीटिंगला गेली, पुढचं ते अजून सांगत नाहीत.

सासूबाई म्हणाल्या फिनाईलने पूस आणि कोपऱ्यात डांबरगोळ्या टाक. व्हेटनी दोन्हीला हात जोडले, कारण फिनाईलमधलं फिनॉल मांजराच्या लिव्हरला पचतच नाही आणि डांबरगोळ्या तर विषच. अमोनियावालं क्लीनर पण नको, त्याला मुतासारखाच वास, बंड्याला वाटणार कोणीतरी आपल्या सहीवर सही केली, की हा परत हजर. एन्झाइमवालंच घ्यायचं, ते युरिक अॅसिड तोडतं. नाहीतर पावसाळ्यात हवा दमट झाली की उन्हाळ्यातला वास नव्याने उठतो, आणि पाहुणे नेमके तेव्हाच येतात.

पण फवारलंय कुठे कुठे ते कळणार कसं? तर यूव्ही टॉर्च मागवला. रात्री सगळे दिवे बंद करून मी हॉलमध्ये रांगतेय, हे मागून खडूने खुणा करतायत, सोफ्याची कड चमकली, पडद्याची झालर चमकली, आणि मग डायनिंग टेबलामागची अख्खी भिंत पिवळीजर्द! मला रडूच फुटलं. नंतर लक्षात आलं ती हळद आहे, हळद पण ह्या लाईटमध्ये चमकते, म्हणजे इतक्या वर्षांची आमटी. तेवढ्यात सासूबाई पाणी प्यायला उठल्या, अंधारात दोघं भिंत हुंगताना बघितलं, आणि काही न बोलता परत जाऊन झोपल्या.

खरं कारण बाल्कनीत होतं. पार्किंगमधला तो कानतुटका दांडगा बोका रोज कठड्यावर येऊन बसायचा, त्याला बघून बंड्या आतून उत्तरं द्यायचा. ओरडून तर काहीच होत नाही, घाबरलेलं मांजर उलट जास्त फवारतं. मग काचेला खालून फ्रॉस्टेड फिल्म लावली आणि बंड्याचं नसबंदीचं ऑपरेशन केलं. दहातल्या साधारण नऊ बोक्यांचं त्याने थांबतं किंवा बरंच कमी होतं म्हणे, फक्त लगेच नाही, हार्मोन्स उतरायला काही आठवडे जातात. ते आठवडे आम्ही सोफ्यावर प्लास्टिक टाकून काढले, बसलं की कर्रकर्र.

आता बंड्या सुधारलाय, दिवसभर लोळतो आणि खातो. पण कानतुटक्याला मैदान मोकळं मिळालंय, तो येऊन आमच्या चपलांच्या रॅकवर सही करून जातो. त्याची पण नसबंदी करून घेऊ असं मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. अंगठे भरपूर आले, पिंजरा घेऊन अजून कोणी आलं नाही.