पुस्तक घ्यायचं तरी कुठून?

ऑनलाइन मराठी पुस्तक मागवणं म्हणजे डोक्याला ताप झालाय नुसता. देवनागरीत नाव टाकलं की धड काही सापडत नाही, इंग्रजी अक्षरांत टाकलं तर विक्रेत्याने काय स्पेलिंग केलंय ते आपण ओळखायचं, आणि सापडलंच तर आवृत्ती कुठली, पानं किती, कशाचा पत्ता नाही, फक्त कव्हरचा धुरकट फोटो. परवा एक कादंबरी आली, कागद इतका पातळ की मागच्या पानाची अक्षरं पुढे दिसतायत, छपाई तिरकी, मधली काही पानं दोनदा, सरळसरळ पायरेटेड! परत करायला गेलो तर फक्त रिप्लेसमेंट, म्हणजे पुन्हा तसलीच प्रत. लेखकाला यातून एक रुपया मिळत नाही हो, याचा जास्त संताप येतो.

बरं, दुकानात जावं तर पुण्यात पुस्तकांच्या दुकानांच्या अप्पा बळवंत चौकात गाडी लावायला जागा नाही आणि समोर सगळी स्पर्धा परीक्षांची गाइडं. कवितासंग्रह विचारला की 'मागवून देतो'. पण निदान पुस्तक हातात घेऊन चाळता येतं, आणि काउंटरवरचे काका न विचारता त्याच विषयावरचं दुसरं चांगलं पुस्तक काढून देतात, ते कुठलं अ‍ॅप करणार?

थेट प्रकाशकाकडून मागवावं तर पोस्टाने डिसेंबर २०२४ मध्ये रजिस्टर्ड बुक पोस्ट बंदच करून टाकलं. किती स्वस्तात जायची पुस्तकं त्याने! मग छोट्याशा कवितासंग्रहाला कुरिअरचाच खर्च डोईजड व्हायला लागला. ज्यांच्या गावात दुकानच नाही त्यांनी काय करायचं सांगा ना!