ध्येय लिहा, हद्द आखू नका

ओपन सोर्स पोर्टेबिलिटी लायब्ररी, म्हणजे एकच प्रोग्राम वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम्सवर चालावा म्हणून लागणारा तयार कोड, काढायचं मनावर घेतलंत? उत्तम. कोड काय, होईल कधीतरी. आधी ध्येय लिहा. रविवारी सकाळी नागपुरात धरमपेठेत जमा, तर्री-पोहे सांगा, आणि लिनक्स, विंडोज अन् मॅक यांच्यातला नेमका कोणता फरक आपण झाकणार आहोत, हा प्रश्न कुणाला काढूच देऊ नका. तो निघाला की बैठक अर्ध्या तासात आटोपते, आणि मग रविवारचं करायचं काय?

अपाचे या ओपन सोर्स संस्थेच्या 'पोर्टेबल रनटाइम' नावाच्या अशाच लायब्ररीवाल्यांनी आपलं काम एका वाक्यात बसवलं होतं: खाली सिस्टिम कोणतीही असो, वर प्रोग्रामरला एकसारखा, भरवशाचा इंटरफेस मिळावा. एवढं नेमकं तुम्ही लिहू नका, अंगाशी येतं. तरी त्यांच्याही जोडलायब्ररीत पुढे डेटाबेस, एक्सएमएल (डेटा लिहिण्याची एक पद्धत) आणि एलडॅप (वापरकर्त्यांच्या नोंदी शोधण्याची पद्धत) आलंच. घ्यायचा तर तो आदर्श घ्या. आपलं ध्येय नागपूरच्या झिरो माइलच्या खांबासारखं असावं: सगळ्या गावांची अंतरं इथून मोजावीत, स्वतः मात्र कुठेही जाऊ नये.

आता खऱ्या फरकांकडे. युनिक्सवर (लिनक्स, मॅक त्याच घराण्यातले) फोर्क म्हटलं की चालू प्रोसेसची, म्हणजे चालत्या प्रोग्रामची, हुबेहूब प्रत तयार होते. विंडोजवर नवा प्रोग्राम नव्यानंच सुरू करावा लागतो. प्रामाणिक माणूस म्हणेल, "प्रोग्राम चालू कर" एवढंच फंक्शन देऊ, ते दोन्हीकडे जमतं. तुम्ही फोर्कच द्या, आणि विंडोजवर त्यातून "उपलब्ध नाही" असा एरर परत करा. फंक्शन सगळीकडे आहे ना? झालं पोर्टेबल.

वेळेचं तर बघूच नका. युनिक्स 1 जानेवारी 1970 पासून सेकंद मोजतं, विंडोजची फाइल-वेळ 1 जानेवारी 1601 पासून, तीही शंभर नॅनोसेकंदांच्या हिशेबानं. मधली 11,64,44,73,600 सेकंदांची वजाबाकी कुणीतरी एकदाच नीट करून, तपासून ठेवायची, म्हणजे हजार प्रोग्रामरांना ती परत करावी लागत नाही. अशा लायब्ररीचं खरं काम म्हणाल तर हेच. पण यात मिरवण्यासारखं काय आहे? चौसष्ट बिटी लिनक्सवर सी भाषेतला लाँग हा पूर्णांक आठ बाइटांचा, विंडोजवर चारच बाइटांचा, हे सांगून मीटअपमध्ये टाळ्या पडत नाहीत.

टाळ्या नव्या फीचरला पडतात. मिहानमधल्या आयटी कंपनीतला कुणी जेसन पार्सर (जेसन डेटा वाचणारा कोड) मागेल, घ्या. कुणी लॉगिंग (प्रोग्रामच्या घडामोडींची नोंद) आणेल, घ्या. मे महिन्याच्या दुपारी कूलरसमोर बसून कुणाला "नाही" म्हणण्याइतकी ताकद उरते? टीममध्ये "हे आपल्या कक्षेत येते का?" असं विचारणारी एक मुलगी हमखास असते. तिला डॉक्युमेंटेशनचं काम द्या. ते कुणी वाचत नाही, त्यामुळे तिचंही कुणी ऐकणार नाही.

चालणाऱ्या सिस्टिम्सची यादी लांबलचक ठेवा. ओएस/2, नेटवेअर अशा जुन्या सिस्टिम्सही टाका. ती मशीन टीममध्ये कुणाकडेच नाही हे उलट बरं, बग कळवणारही कुणी नाही. "या लायब्ररीत काय नाही" हा भाग रीडमीमध्ये (लायब्ररीच्या माहितीपत्रकात) असावाच, त्याखाली फक्त "लवकरच" लिहा.

मग एके दिवशी एखादा वापरणारा येईलच: "भाऊ, मले फक्त पाथमधला स्लॅश दोन्हीकडे चालवाचा होता. त्यासाठी एलडॅप काहून इन्स्टॉल करा लागते?" त्याला नम्रपणे इश्यू (प्रोजेक्टच्या पानावरची तक्रार) टाकायला सांगा. आणि टाकला की बंद करून त्यावर लेबल लावा: व्याप्तीबाहेर.