पाचवं गेट

बेळगावात रेल्वे गेटांना नंबर आहेत. पहिलं गेट, दुसरं, तिसरं, चौथं. पत्ता सांगताना 'तिसऱ्या गेटाच्या अलीकडं' एवढं म्हटलं की रिक्षावाला पुढचं विचारत नाही. गेल्या डिसेंबरात आमच्या गल्लीत पाचवं गेट झालं. हे नाव शेजाऱ्यांनी माझ्या गाडीच्या डिकीच्या दाराला दिलं. फरक एवढाच, की रेल्वेचं गेट पडायच्या आधी घंटा वाजते.

गाडी स्टेशन वॅगन आहे. म्हणजे पुढून कार आणि मागून बिऱ्हाड. आपल्याकडं ही जात फारशी रुजली नाही, त्यामुळं लोक अजून थांबून बघतात. एकदा पेट्रोल पंपावर एका पोरानं फार आदरानं विचारलं, "सर, ॲम्ब्युलन्स काय ओ?" पण सासुरवाडीची रताळी आणायची म्हटलं की हीच गाडी लागते. मागची सीट पाडली की चार पोती सरळ झोपतात. सतरा वर्षं झाली, गाडीनं तक्रार केली नाही. तक्रार सुरू केली ती थेट डोक्यात.

सकाळी सहाला, शाळेची जनरल रजिस्टरं डिकीत ठेवायला वाकलो होतो. दार वर होतं. मग ते वर नव्हतं. मधलं मला काही आठवत नाही. बायको म्हणाली, "आवाज नारळासारखा आला."

तोपर्यंत ते दार इतकी वर्षं कशाच्या जोरावर उभं राहतं, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. 1956 पासूनचा एक प्रश्न आमच्या भागात अजून ताठ उभा आहे, तिथं दारानं उभं राहण्यात विशेष काय! टेंगूळ चोळत बघितलं तर दोन बाजूंना दोन काळ्या नळ्या, बोटभर जाडीच्या, त्यातून निघालेल्या दोन चकचकीत दांड्या. एका दांडीच्या मुळाशी तेलकट ओल आणि तिच्यावर धूळ बसून झालेलं काळं लोणी. याला गॅरेजमध्ये डिकीचं शॉकर म्हणतात. 'डिकीचं' हा शब्द गाळू नये. मी गाळला, तर पोरानं निम्मं चाक खोललं होतं.

मेस्त्रींकडं पोचलो तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते. त्यांनी दार वर केलं. दार राहिलं. मी म्हटलं, थांबा, आता पडेल. आम्ही दोघं दाराकडं बघत उभे राहिलो. मेस्त्री चहा पिऊन आले. दार वरच.

"चांगलं हाय की ओ सर."

"अहो, सकाळी पडतं."

"मग दुपारी उघडा."

दुसऱ्या दिवशी सहाला पुन्हा धाडकन्. पुन्हा दुपारी मेस्त्रींकडं, पुन्हा दार एनसीसीच्या कॅडेटसारखं ताठ. तिसऱ्या खेपेला मेस्त्रींनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, ती मी ओळखतो. पोट दुखतंय म्हणणाऱ्या पोराकडं मी तसाच बघतो.

आणि इथं मला कबुली द्यायची आहे. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. बंद भांड्यातला वायू थंड केला की त्याचा दाब उतरतो, हे मी बावीस वर्षं फळ्यावर लिहीत आलोय. शॉकरच्या नळीतही वायूच कोंडलेला असतो. आमच्याकडं डिसेंबरात पहाटे तेरा अंश आणि दुपारी तीस, म्हणजे केल्व्हिनमध्ये 286 आणि 303. दाबात फरक शेकडा पाच-सहाचा. शॉकर नवं असताना हे पाच-सहा टक्के कुणाच्या खिजगणतीत नसतात. पण ते काठावर पास होत असलं, की तेवढ्यातच नापास होतं. हे कळायला मला तीन टेंगळं लागली. नळीवर '400 एन' असं छापलेलंही तेव्हाच दिसलं. एन म्हणजे न्यूटन. त्यांच्या डोक्यावर म्हणे सफरचंद पडलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या विषय जड होत गेलाय तो असा.

तात्पुरता उपाय म्हणून परसातली काठी घेतली. धुण्याच्या दोरीला मध्ये टेकू द्यायची बांबूची काठी होती. वीतभर लांब पडत होती, म्हणून करवतीनं कापली, टोकाला फडकं गुंडाळलं. बायको दारात उभी राहून बघत होती, पण काही बोलली नाही. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

काठीनं दार उत्तम राहायचं. उघड पाठिंबा काठीचा, शॉकर नुसतेच नावाला सत्तेत. पण टेकूवर चालणाऱ्या कारभाराला एक धोका असतो, तो म्हणजे मदतीला येणारी माणसं. निपाणीला बायकोच्या मावसबहिणीचं लग्न होतं. आमच्याकडून मांडे न्यायचे होते. बेळगावचा मांडा ज्यानं हातात धरलाय त्याला सांगायला नको. रुमालासारखी घडी, आत पिठीसाखर, आणि नुसतं जोरात बघितलं तरी तडा जाईल असा नाजूक. पाच खोकी मांडीवर घ्यावीत तशी जपत नेली. कार्यालयापाशी डिकी उघडली, काठी लावली, खोकी दाराच्या कडेशी ओढून ठेवली आणि 'कुठं ठेवायचं' ते विचारायला आत गेलो. तेवढ्यात नवरीचा एक उत्साही चुलतभाऊ धावत आला आणि मोठ्यानं म्हणाला, "दाजी, ही काठी पण आत न्यायची काय ओ?" उत्तराची वाट न बघता त्यानं ती उपसली.

वऱ्हाडी मंडळींनी त्या दिवशी मांडे खाल्ले ते मनातच. खोक्यांतला भुगा दुधात कालवून पोरांना वाटला. पोरं खूश होती. सासूबाई नव्हत्या.

मग मी चिडून उद्यमबागेत, म्हणजे आमच्या औद्योगिक वसाहतीत गेलो. आमचं गाव हायड्रॉलिक्ससाठी, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांसाठी ओळखलं जातं. टनांनी ओझं उचलणाऱ्या वस्तू इथल्या शेडांतून बाहेर पडतात. अशा गावात एक डिकीचं दार उचलून धरणारं कुणी नसावं, ही मला नामुष्की वाटली. तिथं एका वर्कशॉपात माझाच एक जुना विद्यार्थी लेथवर आहे. दहावीला विज्ञानात 41. मी दोन्ही शॉकर काढून त्याच्यापुढं ठेवले आणि म्हटलं, "यात तेल भरून दे."

तो हसला नाही, हे त्याचं सौजन्य. "सर, ह्यात तेल चमचाभर बी नसतंय. सील ओलं राहायला आणि दांडी शेवटाला सावकाश थांबायला, तेवढंच. काम नायट्रोजन करतंय. आठ मिलिमीटरची दांडी, म्हणजे अर्धा चौरस सेंटिमीटर धरा. चारशे न्यूटन त्याच्यावर. दाब किती बार होतंय?"

मी वर बघून आकडेमोड सुरू केली.

"ऐंशी, सर. तुमच्या टायरात दोन-सव्वादोन असतंय. सील झिजलं की हळूहळू निसटून जातंय. पुन्हा भरून मिळत नाही. आणि घरी कापायला, तापवायला जाऊ नका." थोडं थांबून तो म्हणाला, "वायूचा धडा तुम्हीच शिकवलासा की ओ." त्याला मी 41 कशाला दिले, हे आता आठवत नाही.

नवे घ्यायचे तर माझ्या गाडीचे कुठं मिळेनात. भंगारातून कुठल्यातरी व्हॅनचं एक आणलं. लांबी तंतोतंत जुळली, म्हणून आकडा बघितला नाही. खटका दाबला आणि दार माझ्या हातून सुटून आकाशात गेलं. हनुवटी दोन इंचांनी वाचली. मग ते खाली येईना. मी लोंबकळलो, बायको लोंबकळली, शेवटी आईनं मला कमरेला धरून ओढलं. गल्लीतली पोरं कट्ट्यावर ओळीनं बसली होती. पडणारं दार परवडलं म्हणत ते काढून टाकलं.

शेवटी गावातल्या एका स्पेअरवाल्यानं मागवून दिले. मी म्हटलं, एकच द्या, दुसरं अजून थोडं चालतंय. तो मराठी छान बोलतो, पण व्यवहाराच्या नाजूक जागी कानडीत जातो. "वंद कोडंगिल्री. जोडीच तगोरी." म्हणजे एक देत नाही, जोडीच घ्या. एक नवं, एक जुनं लावलं तर दार एका अंगानं पिळतं, हे त्यानं हात वाकडे करून दाखवलं. जोडी घेतली. खरं-खोटं तपासावं म्हणून तिथंच दांडी आत दाबून बघितली. जमिनीवर टेकवून अख्खा जीव घातला, दांडी तसूभर हलली नाही. "सर, हातानं जात नाही," तो म्हणाला, "दारानं जाते."

बसवायचं काम दहा मिनिटांचं निघालं, हा त्यातला सगळ्यांत मोठा अपमान. दार पूर्ण वर, काठी लावलेली, आणि आईला काठीपाशी पहारा. टोकाला गोल खोबण, तीत बॉल, आणि खोबणीभोवती तारेची चाप. ती चाप चपट्या स्क्रू-ड्रायव्हरनं किंचित उचलायची, अगदी नखभर. मी पहिली पूर्ण उपसली, ती उडून जास्वंदीत गेली. शोधायला पाऊण तास. म्हणजे दहा मिनिटं अधिक पाऊण तास. नवं खोबणीत दाबलं की 'टक्' होतं. हा आवाज फार समाधानाचा आहे. फोटो काढून विद्यार्थ्याला पाठवला. लगेच फोन. "सर, उलटं बसवलंयसा. दार मिटल्यावर दांडी खाली पाहिजे, तेल सीलवर राहतंय." पुन्हा काठी, पुन्हा आई, पुन्हा चाप. चाप या वेळी तुळशीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, तेरा अंशांत, दार एका बोटानं वर गेलं आणि शेवटच्या वीतभरात दम खाऊन अलगद थांबलं. मी तरी डोकं आत घालताना एक हात वर धरलाच. आई तर अजून डिकीपाशी आली की पदर डोक्यावर घेते.

काठी धुऊन परसात नेऊन ठेवली. बायकोनं ती दोरीखाली उभी केली. दोरी काठीला टेकेना. मध्ये वीतभर अंतर. नऊवारी वाळत घातल्यावर ते अंतर मिटलं, पण काठ अंगणातल्या शेणावर टेकले. तिनं लुगड्याकडं बघितलं, मग काठीकडं, मग माझ्याकडं.

"त्या स्पेअरवाल्याला विचारून या," ती म्हणाली, "दोरीला बसणारं एखादं मिळतंय काय."