'इंड्यूस' म्हणजे नुसतं 'घडवून आणणे' नव्हे

एका लेखात इंग्रजी 'इंड्यूस' (induce) या क्रियापदाचा अर्थ 'कारणीभूत होणे' असा एका ओळीत उरकलाय, ते जरा खटकलं. पावसाने पूर आला तर तिथे 'कॉज' (cause, कारणीभूत होणे) बसतं, 'इंड्यूस' नाही. या शब्दात कुणाला तरी हळूहळू वळवणं, प्रवृत्त करणं आहे. मूळ लॅटिन 'इंडुकेरे', म्हणजे आत नेणे. त्यातलं 'डुकेरे' म्हणजे नेणे. प्रोड्यूस, रिड्यूस, डिड्यूस, सिड्यूस ही सगळी त्याचीच भावंडं, आणि 'ड्यूक'सुद्धा (पुढे चालणारा, म्हणजे नेता!). गंमत म्हणजे आपल्या 'अनुनय' शब्दातही 'नी' म्हणजे नेणे हाच धातू आहे. मन वळवायचं तर दोन्हीकडे माणसाला 'नेतात'.

डॉक्टर औषध देऊन प्रसूतीच्या कळा सुरू करतात, तिथेही हेच क्रियापद. 'इंडक्शन' हे त्याचंच नाम. शास्त्रज्ञ फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलेल्या 'इंडक्शन'ला आपण 'प्रवर्तन' म्हणतो. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेत, न शिवता, वीज खेळू लागते. प्रतिशब्द अगदी चपखल आहे. तर्कशास्त्रातलं 'इंडक्शन' (उदाहरणांवरून सर्वसाधारण नियम काढणं) मात्र 'विगमन'.

आणखी एक, वाक्यात 'इंड्यूस' वापरताना ज्याला वळवायचं त्या माणसाच्या उल्लेखानंतर 'टू' आणि मूळ क्रियापद येतं. तिथे 'आयएनजी' लावलेलं रूप चालत नाही.